काकूंचा अर्धा तास

ती खोली पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हमखास हिरमोड व्हायचा. विमान कंपनीचं डिस्पॅच म्हणजे काचेचा मनोरा असेल, समोर धावपट्टी असेल, असं समजून माणूस यायचा. आणि इथे काय, तर तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, पाच टेबलं, प्रत्येक टेबलावर तीन पडदे, आणि एकुलत्या एक खिडकीतून दिसणारं गाड्या लावायचं आवार. विमानतळ तिथून चार किलोमीटर. विमान बघायचं असेल तर सुट्टी काढून जा, असं जुने लोक नव्यांना सांगत.

पण कंपनीचं एकही विमान या खोलीच्या सहीवाचून जमीन सोडत नसे. कुठल्या वाटेनं जायचं, किती उंचावरून, वारा कुठे आडवा येणार, इंधन किती घ्यायचं, हे सगळं इथे ठरायचं. कागदावर दोन सह्या लागत: एक वैमानिकाची, एक इथली. वैमानिकाला सगळे ओळखत. इथल्या माणसाला त्याच्या घरचेही नीट ओळखत नसत. तू विमानतळावर नक्की काय करतोस, हे खोलीतल्या नव्या पोराच्या, दशांशच्या आईनं चौदा महिन्यांच्या नोकरीत चौदा वेळा तरी विचारलं असेल.

दशांश हे त्याचं खोलीतलं नाव. भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात पास होऊन तो आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकूंनी त्याला सहज विचारलं होतं, की आपल्या सगळ्यात लांबच्या उड्डाणाचं अंतर किती. त्यानं यंत्राला हात न लावता कागदावर गणित मांडलं आणि सांगितलं, "तेरा हजार दोन पूर्णांक चार दशांश किलोमीटर." काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "ते चार दशांश धावपट्टीच्या या टोकापासून धरलेत की त्या?" खोली हसली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पगाराच्या पाकिटावर खरं नाव पाहून शेजारच्या टेबलावरचा म्हणाला होता, हे कुणाचं पाकीट आलंय इथे?

काकू म्हणजे खोलीतल्या सगळ्यात ज्येष्ठ डिस्पॅचर. चौतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन बाकी. कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांच्या तीन पडद्यांच्या शेजारी शाळेत असतो तसला पृथ्वीचा गोल होता, एका महासागराच्या मधोमध पोचा आलेला. आणि गोलाच्या बुडाशी निळ्या दोऱ्याचं रीळ. दोऱ्यावर शाईचे ठिपके, एक ठिपका म्हणजे हजार किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर काकूंचा काडीचा विश्वास नव्हता. सपाट नकाशा म्हणजे सोललेल्या संत्र्याची साल दाबून बसवलेली, त्यावर सरळ रेघ ओढाल तर शेकडो किलोमीटर फुकट फिराल, असं त्या म्हणत. गोलावर दोरा ताणला की तो आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. नकाशावर सरळ पूर्वेला वाटणारं शहर उत्तरेकडून गेलं की जवळ निघतं, हे दशांशला सूत्रातून माहीत होतं. पण ते बोटांखाली होताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं ते काकूंच्या टेबलावर, आणि त्या दिवसापासून तो मनातल्या मनात त्यांचा शागीर्द झाला. तोंडानं कबूल करायला मात्र त्याला वर्ष लागलं.

काकूंचे दोन नियम होते. ते कुठल्याही पुस्तकात नव्हते, तरी खोलीत सगळ्यांना पाठ होते.

पहिला, अर्धा तास. कायद्यानं जेवढं राखीव इंधन घ्यावं लागतं तेवढं घ्यायचं, आणि हिवाळ्यात वाऱ्याविरुद्ध येणाऱ्या लांबच्या उड्डाणाला वर आणखी अर्ध्या तासाचं घालायचं. अर्धा तास म्हणजे तीन हजार किलो. हिशेब ठेवणारे दरवर्षी कुरकुर करत, की हा अर्धा तास नव्वद टक्के वेळा तसाच परत येतो, तो वाहून आणायलाही इंधन जळतं. काकू म्हणत, परत येतो ना, मग तुम्ही रडता कशाला.

दुसरा नियम, वजन विचारायचं, नाव विचारायचं नाही. विमानात कोण बसलंय हे डिस्पॅचनं जाणून घ्यायचं नाही. कुणी फोन करून सांगू लागलं, की आज आमचे मोठे साहेब आहेत, किंवा नवरदेव आहे, मुहूर्त टळेल, तर काकू तिथेच थांबवत. "शंभर किलो," म्हणत. माणूस आणि त्याची बॅग मिळून सरासरी शंभर किलो. मोठे साहेब शंभर किलो आणि त्यांचा बूट पुसणाराही शंभर किलो. दशांशला हा नियम गमतीचा वाटायचा. एवढी हुशार बाई, तिला माणसांचं कुतूहल कसं नाही, असंही वाटायचं.

त्याची ताई त्याच शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. रक्ताच्या आजारांच्या विभागात, जिथे एकाच्या हाडातला मगज दुसऱ्याला देतात. चार दिवसांपूर्वी ती रात्रपाळी संपवून सकाळी घरी आली, चहाचा कप हातात घेऊन त्याच्या पलंगाच्या कडेला बसली आणि त्याला हलवून उठवलं. विभागात एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तिच्या शरीराशी जुळणारा दाता सापडला होता, पण पार दूरच्या त्या शहरात, दशांशच्या तेरा हजार दोन किलोमीटरांच्या पलीकडे. दात्याच्या रक्तातून काढलेल्या पेशी पिशवीत भरून, थंड पेटीत ठेवून, माणसाच्या हातीच आणायच्या असतात. पेटी क्ष-किरणांखाली घालायची नाही, सामानात टाकायची नाही, क्षणभरही दुसऱ्याकडे द्यायची नाही. काढल्यापासून बहात्तर तासांच्या आत त्या मुलीच्या अंगात गेल्या पाहिजेत. आणि मुलीचा स्वतःचा मगज तर औषधांनी आधीच संपवलेला. म्हणजे आता मागे फिरायला वाट नाही.

ती पेटी घेऊन येणार होता त्या शहरातलाच एक निवृत्त पोस्टमन. अशी कामं हौसेनं करणारी माणसं असतात, ताईकडे त्यांची यादी होती. दोन विमानांमधून एक निवडायचं होतं. एक दुसऱ्या कंपनीचं, मधे विमान बदलायचं, आपल्या घड्याळानं सकाळी साडेसहाला इथे पोचणारं. दुसरं दशांशच्या कंपनीचं, थेट, दुपारी तीन चाळीसला तिथून निघणारं. वेळापत्रकात त्याला पंधरा तास दहा मिनिटं लिहिली होती. "पण तुम्ही लोक वेळापत्रकात वेळ वाढवून लिहिता ना?" ताईनं विचारलं. "खरे किती तास लागतात ते सांग."

अर्धवट झोपेत, पण अभिमानानं, दशांशनं अंतराला वेगानं भागलं. "चौदा तास बावीस मिनिटं."

म्हणजे सहा वाजून दोन मिनिटांनी. दुसऱ्यापेक्षा अठ्ठावीस मिनिटं आधी, शिवाय विमान बदलायची दगदग नाही. ताईनं त्याच्या डोक्यावर टपली मारली, घरात एक शास्त्रज्ञ असल्याचा फायदा म्हणाली, आणि पोस्टमनचं तिकीट थेट विमानाचं काढायला सांगितलं.

पेशी काढायला दोन दिवस लागले. तिथे धुक्यानं रस्ते अडले आणि आणखी वेळ गेला. उड्डाणाच्या दिवशी सकाळी ताईचा निरोप आला, की तीन चाळीसला विमान निघेल तेव्हा पेशी बावन्न तासांच्या झालेल्या असतील. हातात वीस तास. त्यात विमानतळ ते इस्पितळ दीड तास आणि प्रयोगशाळेत तपासायला, मोजायला दीड तास. दशांशनं मनात बेरीज केली, अडीच तासांहून जास्त उरत होते, आणि तो निर्धास्त मनानं कामावर गेला.

त्या दिवशी ते उड्डाण त्याच्याच टेबलावर होतं. साडेबाराला ताजा वारा पडद्यावर आला.

हिवाळ्यात फार उंचावरून वाऱ्याची एक नदी वाहते, पश्चिमेकडून पूर्वेकडे. तिकडे जाताना विमान तिच्या पाठीवर बसून जातं. येताना तिच्या तोंडात शिरावं लागतं. आज ती नदी दुथडी भरून अगदी त्यांच्या नेहमीच्या वाटेवर पसरली होती. यंत्रानं काढलेलं उत्तर होतं, पंधरा तास एक्कावन्न मिनिटं. म्हणजे सात एकतीसला उतरणार.

तो पडद्याकडे बघत राहिला. अंतर दोन्हीकडून सारखंच असतं. वेळ नसतो. हे त्याला शाळेपासून माहीत होतं. रोज आठ तास तो हेच काम करत होता. आणि बहिणीनं वेळ विचारला तेव्हा त्यानं तिला अंतर सांगितलं होतं, वेळेचे कपडे घालून. त्या जगात वारा नव्हता, हिवाळा नव्हता. दुसऱ्या कंपनीचं विमान दहा मिनिटांपूर्वी उडालं होतं.

तेवढ्यावर भागलं नाही. एवढ्या वेळाचं इंधन भरलं तर विमान मर्यादेपेक्षा दोन हजार नऊशे किलो जड होत होतं. विमान भरलेलं होतं, एक खुर्ची रिकामी नाही. मग दोनच मार्ग. एकोणतीस माणसं खाली उतरवायची, नाहीतर मधे इंधनासाठी थांबायचं, त्यात दोन तास वीस मिनिटं. उतरवायची झाली तर शेवटी तिकीट काढलेल्यांपासून सुरुवात होते, आणि पोस्टमनचं तिकीट काढून चारच दिवस झाले होते. थांबलं तर पेशी मुलीपर्यंत पोचायला दुपारचे बारा एक्कावन्न होणार. मुदत अकरा चाळीसची होती.

तो जिन्यात गेला आणि ताईला फोन लावला.

"ताई, मी चुकलो. चौदा बावीस नाही, पंधरा एक्कावन्न. आणि कदाचित मधे थांबावंही लागेल."

 ताई रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "थांबलं तर नाही चालणार, हे तुला माहितीये. ठरलं की सांग. आणि या वेळी खरं सांग."

तो परत येऊन बसला तेव्हा ड्युटी मॅनेजर दारात उभे होते. हा माणूस वाईट नव्हता, पण त्याला एकोणतीस संतापलेल्या प्रवाशांपेक्षा एक थांबा केव्हाही परवडत होता. थांब्याचं बघून ठेव, म्हणाले. उड्डाणाची योजना दोन दहापर्यंत पाठवायला हवी होती.

आणि मग दशांशची नजर त्या आकड्यावर गेली. जादा राखीव: तीस मिनिटं, तीन हजार किलो. काकूंचा अर्धा तास.

तो काढला तर विमान मर्यादेपेक्षा शंभर किलो हलकं होत होतं. कायद्याचं राखीव इंधन तसंच राहत होतं. कुठलाही नियम मोडत नव्हता. थेट उड्डाण, सात एकतीसला इथे, साडेदहाला पेशी मुलीच्या अंगात. त्यानं तीसच्या जागी शून्य लिहिलं. यंत्र हिरवं झालं. नव्व्याण्णव टक्के, तो स्वतःशी म्हणाला. नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी दशांश.

ज्येष्ठ माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय लांबचं उड्डाण पाठवायचं नाही, अशी रीत होती. काकूंनी कागद घेतला. त्या आधी नेहमी शेवटची ओळ वाचत, मग वरून खाली.

"अर्धा तास कुठे गेला?"

"कायद्यानं लागत नाही, काकू."

"कायद्यानं काय लागतं ते विचारलं नाही मी. कालच्या उड्डाणाला घातलास. परवाच्या घातलास. आज कुठे गेला?"

"आज त्या विमानात एक पेटी आहे, काकू, त्यात एका—"

काकूंनी तळहात वर केला. रस्त्यावर वाहतूक थांबवतात तसा.

"नको सांगूस."

"पण ऐकून तर घ्या."

"ऐकलं तर मीही तुझ्यासारखीच शून्य लिहीन." त्यांनी शेजारची खुर्ची पायानं ओढली आणि त्याला बसायची खूण केली. मग आवाज न चढवता, कागदावरची नजर न काढता जे सांगितलं, ते त्यांनी या खोलीत आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ असाच एका विमानात होता. वडील शेवटच्या घटका मोजत होते. विमान मधे थांबलं असतं तर भेट झाली नसती. काकूंनी तेव्हाचं जादा इंधन काढलं. कायद्यात बसत होतं. विमान इथे आलं तर खाली धुकं. पाऊण तास वर घिरट्या. उतरलं तेव्हा टाकीत सतरा मिनिटं उरली होती, आणि विमानात दोनशे अकरा माणसं.

"मग?" दशांशनं विचारलं.

"मग काही नाही. भाऊ पोचला. वडिलांच्या तोंडात पाणी घालायला मिळालं त्याला. सगळे म्हणाले, देवासारखी धावलीस." काकूंनी कागद टेबलावर ठेवला. "काही बिघडलं नाही ना, म्हणूनच तर भीती वाटते मला. बिघडलं असतं तर निदान धडा तरी मिळाला असता सगळ्यांना. आता तो एकट्या माझ्याकडेच राहिलाय."

 आजवर त्याला वाटत होतं, की या बाईला माणसांचं कुतूहल नाही. आता कळलं, की विमानातला एकेक शंभर किलो त्या चौतीस वर्षं मोजत आल्या होत्या, आणि त्यात स्वतःचा भाऊ वेगळा काढायची चूक त्यांनी एकदाच केली होती.

"आता मला सांग," काकू म्हणाल्या, "तुला काय हवंय? नाव नको. आकडा सांग."

"सकाळी आठ चाळीसच्या आत उतरायला हवं. न थांबता. आणि कुणालाही न उतरवता."

"हे बोललास कामाचं."

त्यांनी गोल पुढे ओढला, निळा दोरा घेतला, आणि दोन शहरांमधे ताणला. मग वाऱ्याचा नकाशा पडद्यावर उघडला आणि ती नदी जिथे जिथे जोरात होती तिथे गोलावर मेणबत्तीच्या मेणाचे छोटे थेंब चिकटवले. दोरा बरोब्बर त्या थेंबांवरून जात होता. काकूंनी मधोमध बोट ठेवलं आणि दोरा हळूहळू उत्तरेकडे सरकवला. थंड समुद्राच्या वर, थेंबांच्या पलीकडे. दोरा ढिला करावा लागला. तेराव्या ठिपक्यानंतर जवळपास अर्धा ठिपका जास्त लागला.

"तेरा हजार चारशे ऐंशीच्या आसपास," काकू म्हणाल्या. "इथे वारा जवळजवळ मेलेला आहे. कर भागाकार."

त्यानं केला. चौदा तास अठ्ठावन्न मिनिटं. पुन्हा केला. चारशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर लांबची वाट त्रेपन्न मिनिटं लवकर पोचत होती. त्रेपन्न मिनिटांचं इंधन म्हणजे पाच हजार तीनशे किलो. अर्धा तास ठेवूनही विमान हलकं होत होतं. त्याला हसू फुटलं, कारण गणित इतकं सुंदर होतं. मग ते मावळलं.

"पण यंत्रानं ही वाट दाखवलीच नाही."

"दाखवणार नाहीच. तो आकाशाचा तुकडा बंद आहे. तिकडच्या सैन्याचा सराव, दहा दिवस. आज शेवटचा. आपल्या घड्याळानं उद्या पहाटेपर्यंतची सूचना आहे." काकूंनी फोन उचलला होता. "पण हे लोक नेहमी एक दिवस राखून ठेवतात. माझा अर्धा तास, तसा त्यांचा एक दिवस. कधीकधी काम कालच आटपलेलं असतं आणि सूचना काढायची कुणाच्या लक्षात नसते."

पलीकडे तो आकाशाचा तुकडा सांभाळणारा माणूस होता. एकोणीस वर्षं फोनवरची ओळख, भेट एकदाही नाही. दोघं ज्या भाषेत बोलत ती दोघांचीही नव्हती, आणि दोघांनाही ती धड येत नव्हती. प्रत्येक वाक्याआधी तो खोकायचा, म्हणून काकू त्याला खोकलेवाले म्हणत. त्यांनी आधी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मग सरावाची. मग बराच वेळ नुसतं हं, हं केलं. फोन ठेवला तेव्हा एक वीस झाले होते.

सराव काल संध्याकाळीच संपला होता. आकाश मोकळं होतं. खोकलेवाले सूचना काढून घ्यायला वरच्यांना सांगणार होते.

दशांशनं कीबोर्ड पुढे ओढला.

"थांब," काकू म्हणाल्या. "लेखी येऊ दे."

"ते स्वतः म्हणाले ना, मोकळं आहे."

"एकोणीस वर्षांत तो माझ्याशी खोटं बोललेला नाही. तरी लेखी येऊ दे."

मग सुरू झाला तो वाट बघण्याचा वेळ, ज्याची लांबी दशांश पुढे कधीच नीट सांगू शकला नाही. घड्याळानं तो बेचाळीस मिनिटांचा होता. त्यानं दोन योजना तयार ठेवल्या, एक उत्तरेची आणि एक थांब्याची. काकूंनी शांतपणे दोरा रिळाला गुंडाळला, नखानं गोलावरचं मेण खरवडलं, शेजारच्या टेबलावरच्या उड्डाणाचा कागद वाचून त्यात एक चूकही काढली. पावणेदोनला ड्युटी मॅनेजर डोकावले. दोनला पुन्हा आले आणि या वेळी गेले नाहीत, दारातच घड्याळाकडे बघत उभे राहिले.  एका पडद्यावर शून्य लिहून हिरवं झालेलं ते जुनं गणित अजून उघडंच होतं. काकूंना ते दिसत होतं, आणि त्यांनी ते बंद कर असं सांगितलं नाही.

दोन वाजून एक मिनिटानं त्यानं ते स्वतःच बंद केलं.

दोन वाजून दोन मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. अमुक क्रमांकाची सूचना मागे घेण्यात येत आहे. काकूंनी ती ओळ दोनदा वाचली, क्रमांक बोटानं जुळवला, आणि पेन उचललं. दोन सहाला योजना गेली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, जादा राखीव: तीस मिनिटं. ड्युटी मॅनेजरांनी एकोणतीस माणसांच्या वतीनं सुस्कारा सोडला आणि निघून गेले.

दशांशनं ताईला निरोप पाठवला: चौदा अठ्ठावन्न, थेट, सहा अडतीस, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं उत्तर होतं ज्यात इकडेतिकडे हा शब्द होता.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी आठची होती. तो सव्वासहाला खोलीत होता. काकू त्याच्याआधी येऊन बसल्या होत्या. काल चष्मा विसरला म्हणून आले, असं त्यांनी सांगितलं. चष्मा नाकावर होता. 

पडद्यावर एक छोटा पिवळा त्रिकोण समुद्र मागे टाकून जमिनीवर आला होता. शहरावर धुकं होतं. सहा एकोणतीसला विमान धावपट्टीकडे वळलं, आणि मग धुक्यामुळे त्याला एक फेरी मारायला सांगितली गेली. दशांश खुर्चीतून उठला. काकू मात्र खुर्चीत मागे रेलल्या.

"मारू दे," म्हणाल्या. "आहे त्याच्याकडे."

एक फेरी, मग दुसरी. इतर दोन विमानं इंधन पुरणार नाही म्हणून दुसऱ्या विमानतळाकडे वळली. हे वळलं नाही. धुकं फाटलं तेव्हा रांगेत तेच पहिलं होतं. सहा एकोणसाठला ते टेकलं. काकूंच्या अर्ध्या तासातली एकवीस मिनिटं खर्च झाली होती, नऊ परत आली होती.

दशांशनं ते तीनदा वाचलं. कालचं ते शून्य, ते हिरवं गणित, त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्या गणितानं विमान साडेसातला आलं असतं, आणि सातनंतर धुकं पुन्हा मिटलं ते आठपर्यंत उघडलं नाही. वर जादा थेंबही नसता. त्या दोन विमानांच्या मागोमाग तेही दुसऱ्या विमानतळाकडे वळलं असतं, पेटीसकट, तिथून रस्त्यानं चार तास.

साडेआठला ताईचा फोन आला. निवृत्त पोस्टमन पेटी मांडीवर घेऊन आला होता, पंधरा तास पाय न पसरता. सही घेतल्याशिवाय पेटी हातातून सोडेना, नोकरीतली सवय. आत चार अंश. दहा वाजता पुन्हा फोन आला. पेशी मोजून झाल्या, भरपूर जिवंत होत्या, पिशवी लावली होती, थेंब पडायला लागले होते. मुलीनं विचारलं होतं, एवढंसंच? मग ताईनं विषय बदलला. पोस्टमन परवा परत जाणार होता, त्याला किती तास लागतील ते विचारत होता.

"अंतर तेवढंच आहे," दशांश म्हणाला. "वेळ परवा सकाळी सांगतो. वारा बघून."

"शहाणा झालास," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

तो वळला. काकू आजच्या उड्डाणाच्या कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. त्यानं खुर्ची पुढे ओढली, त्याच उड्डाणाची आजची योजना उघडली, आणि कुणी न सांगता शेवटच्या ओळीत तीस लिहिलं.

मग काकूंनी, मान वर न करता, जणू काही आठवलं म्हणून विचारल्यासारखं विचारलं:

"वजन किती होतं रे?"

"पेटीचं साडेचार किलो," दशांश म्हणाला. "आतल्या पिशवीचं पाव किलो."

काकूंचं पेन थांबलं. त्यांनी गोलाकडे पाहिलं, त्या पोचा आलेल्या महासागराकडे, आणि तिथून उत्तरेला, जिथे मेणाचा एक थेंब खरवडायचा राहून गेला होता.

"पाव किलो," त्या म्हणाल्या, आणि तो थेंब तसाच राहू दिला.